बिननात्याचा जामीन

गावी परत आल्यापासून संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसलो की कोणी ना कोणी विचारतोच, "काय रे, इंग्रजाच्या मुलखात राहायला चिठ्ठी लागते म्हणतात, ती तुला मिळाली कशी?" दहा जणांना दहा वेळा सांगून माझा घसा बसला. म्हणून आता एकदाच लिहून काढतो. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचावे, बाकीच्यांनी त्यांच्याकडून ऐकावे, आणि मला सुपारी कातरू द्यावी.

आपण फोंडे महालची माणसे, म्हणजे पोर्तुगीज सरकारची रयत. घाट चढून किंवा गलबतात बसून पलीकडे गेलो की बोलणे तेच, देव तेच, शिव्यासुद्धा बऱ्याचशा त्याच. पण कचेरीत पाऊल टाकले की आपण परदेशी. बंदरावरच्या शिपायाने मला पहिल्यांदा "फिरंगी मुलखाचा इसम" म्हटले, तेव्हा मी मागे वळून पाहिले, की कोण बुवा हा फिरंगी आला.

गलबताच्या प्रवासात मी जे जे ओकलो त्याचे वर्णन करीत नाही. मुंबईत काही दिवस काढले आणि ओळखीने डोंबिवलीच्या मराठी शाळेत हंगामी मास्तर म्हणून लागलो. आधीचे मास्तर आजारी पडून पुण्याला गेले होते. ते बरे झाले, पण परत आले नाहीत. डोंबिवलीत एकदा दमट हवा खाल्ल्यावर पुण्याची हवा सोडवत नाही म्हणे. हंगामीचा मी कायम होणार, असे सगळे म्हणू लागले तेवढ्यात वरून हुकूम आला: परमुलखाच्या रयतेला कायम नेमायचे तर त्याने कलेक्टरसाहेबांकडून राहण्याचा आणि नोकरीचा परवाना आणावा. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत आणला तर ठीक, नाहीतर दुसरा मास्तर तयार आहे.

मला घाई होती ती पगाराची नव्हे. हंगामी माणसाने बायकामुले न्यायची कशी? मागल्या दिवाळीत घरी आलो तर माझी मुलगी, चार वर्षांची, आईच्या पदराआड लपली आणि विचारू लागली, "हा कोण?" बायको हसली, पण निघताना मला म्हणाली, "या वर्षी न्यायचे तर न्या. नाहीतर पुढच्या खेपेला ही तुम्हांला मामा म्हणेल." तो शब्द माझ्या काळजात रुतून बसला होता. पुढे काय झाले ते वाचलेत म्हणजे या मामा शब्दाने माझी किती पाठ धरली ते कळेल.

ठाणे

कलेक्टरची कचेरी ठाण्याला. आगगाडी खाडीवरच्या पुलांवरून आणि डोंगराच्या पोटातून जाते. पहिल्यांदा बोगद्यात शिरलो तेव्हा मी डोळे मिटून कुलदेवाचे नाव घेतले. समोरची म्हातारी शेंगा सोलत होती, ती अंधारातही सोलतच राहिली. खाडीकाठाने मिठागरे लागतात. वैशाखात तिथे मिठाचे ढीग इतके पांढरे दिसतात की डोळे दुखतात.

ठाण्यात तलावाकाठी जुन्या देवळासारखे काही दिसले, जवळ गेलो तर चर्च. मागे हे शहर आपल्याच फिरंग्यांनी घेतले होते आणि पुष्कळ वर्षे धरले होते. मला उगाच बरे वाटले. म्हटले, एका अर्थी मीच इथला जुना, हे इंग्रज काल आले. हा मुद्दा मी कचेरीत काढला नाही, एवढी अक्कल देवाने दिली आहे.

आपल्या महालातून आणलेला माझा कागद पोर्तुगीज भाषेत. कचेरीतल्या मोठ्या कारकुनाने तो आडवा धरला, उभा धरला, उजेडात धरला, आणि त्यावरचा मोर्तब पाहून म्हणाला, खरा दिसतो, पण मजकूर काय आहे? मग त्याच चर्चच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेलो. ते वसईकडचे. माझ्याशी पोर्तुगीज कमी आणि कोळ्यांची मराठी जास्त बोलत. त्यांनी तर्जुमा करून दिला आणि वर ताडगोळे खायला दिले. ठाण्याचे ताडगोळे मी विसरणार नाही. आपल्याकडे ताडमाड आहेत, पण आपण माडाच्या इतके मागे लागलो आहोत की ताडाकडे कोणी बघत नाही.

तर्जुमा पाहून मोठा कारकून खूश झाला. म्हणाला, "बाकी सगळे ठीक. आता कल्याणच्या मामलेदारांपुढे एक जामीन उभा करा. तालुक्यातला जमीनवाला शेतकरी पाहिजे. तुम्ही पळालात तर सरकारने धरायचे कोणाला? आणि एक, जामीन तुमच्या नात्यातला चालत नाही. नातेवाईक खोटे बोलतात."

मला हसू आले. माझे सगळे नातेवाईक समुद्रापलीकडे, इथे मला नात्याचा कोण भेटणार? ही अट तर मी जन्मतःच पाळून आलो आहे, असे म्हणत मी खानावळीत गेलो आणि आमटीभातावर ताव मारला. आमटीत गूळ होता. गोड आमटी खाणाऱ्या लोकांनी एवढे मोठे राज्य कसे चालवले, हे मला अजून कळलेले नाही.

कल्याण

कल्याणला माझ्या ओळखीचे तिघे. पहिला भाताचा व्यापारी. मी जामीन म्हणताच त्याने कपाळाला हात लावला, "मास्तर, मीच बडोद्याच्या गायकवाडीतला. माझाच जामीन कोणी व्हावा?" दुसरे वैद्यबुवा. ते निघाले सांगली संस्थानचे. तिसरे एक कोकणी मुसलमान नाखवा, गलबतांचे मालक, अस्सल कल्याणचे. त्यांनी वाळ्याचे सरबत पाजले, मुलांना हाक मारून मला त्यांच्याकडून पाढे म्हणवून घ्यायला लावले, आणि शेवटी सांगितले की त्यांची सगळी मिळकत पाण्यावर, जमिनीचा तुकडा नाही. गलबत जामीन राहत नाही.

"तुम्ही ज्याच्या घरी राहता त्या पाटलाला सोडून गावभर कशाला फिरता?" नाखवा म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

डोंबिवली

मी ज्यांच्या पडवीतल्या खोलीत राहत होतो ते काथोड पाटील. आगरी, भातशेती आणि थोडे मिठागर बाळगून असलेला माणूस. आवाज असा की खाडीपलीकडच्या बैलांनी मान वर करावी. त्यांची बायको चांगुणाबाई. पहिल्या दिवशी तिने मला सकाळी तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील दिला. मी म्हटले, आमच्याकडे सकाळी पेज लागते. तेव्हापासून ती रोज माझ्यापुरती पेज करू लागली आणि शेजारणींना सांगू लागली की मास्तर आजारी असतो. निवटे नावाची मासळी तिथे चिखलात उड्या मारत चालते. पाण्यात राहायचे की जमिनीवर, हे तिचे तिलाच ठरलेले नाही. मी म्हटले, ही माझ्याच जातीची, हिला परवाना कोण देतो? पण कालवण उत्तम होते. (घरच्या वडीलधाऱ्यांनी हा भाग वाचू नये. त्यांना मी हाताने शिजवून खातो असे सांगितले आहे.)

पाटलांना जामिनाचे सांगितले तर ते म्हणाले, एवढेच ना? पण आधी पोरीचे लगीन. थोरली मुलगी शीळ गावी द्यायची होती, आणि लग्न संपेपर्यंत त्यांना मामलेदार काय, लाटसाहेब आला तरी वेळ नव्हता.

लग्नाचा मांडव पडला. उंबराची डहाळी, जांभळीचा पाला, दारात तांदळाच्या पिठाचे चौक. आपल्याकडे लग्न भटजी लावतो. इथे भटजीच्याही वर एक म्हातारी असते, तिला धवलारीण म्हणतात. ती प्रत्येक विधीला गाणे म्हणते आणि ज्याचे नाव गाण्यात यायचे त्याचे नाव आले नाही तर विधी पुढे सरकत नाही. हळदीच्या दिवशी वडे तळले जात होते, बोकड शिजत होता, आणि गाणे मामाशी येऊन अडले. मुलीच्या पाठीशी मामा उभा लागतो. चांगुणाबाईचा एकुलता भाऊ वादळात होडीसकट खाडीत गेला होता, आणि माहेरचे दुसरे कोणी उरले नव्हते. धवलारीण गप्प बसली. मी पडवीत वडा खात होतो.

चांगुणाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, मना भाऊस नाय. तू होशील?"

मी विचारले, मामाला करायचे काय असते? ती म्हणाली, काही नाही, पोरीच्या पाठीशी उभे राहायचे. मी म्हटले, उभा राहतो. अर्धा वडा तसाच ठेवून उठलो. धवलारणीने माझे नाव विचारले, आणि त्या गाण्यात समुद्रापलीकडून मामा आला, माडांच्या गावचा मामा आला, असे कडव्यावर कडवे सुरू झाले. मला आधी हसू आले. मग दुसऱ्या दिवशी मुलीच्या पाठीमागे उभा राहिलो, तिचे खांदे थरथरताना पाहिले, आणि हसू कुठल्या कुठे गेले. मला माझ्या मुलीची आठवण झाली आणि मी रडलो. मामाने रडायचेच असते, असे सगळ्यांनी मला समजावले. त्या दिवसापासून चांगुणाबाई मला दादा म्हणू लागली. सबंध गाव मला पाटलाचा मेहुणा म्हणून ताडीचा आग्रह करू लागला. मेहुण्याची थट्टा करायचा हक्क सगळ्यांना असतो, तो सगळ्यांनी बजावला.

एक माणूस मात्र लग्नाला आला नव्हता, धर्मा भोईर. त्याची शेते पाटलांच्या शेतांना लागून, खाडीच्या बांधाआत. आपल्याकडे खाजण जमिनीला मानस असते, तशी तिथे बांधात पाणी सोडायची-अडवायची झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भोईर तिथे मासे धरतो. एका साली त्याने माशांसाठी उघाडी जरा जास्त वेळ उघडी ठेवली आणि खारे पाणी पाटलांच्या भातात शिरले, असे पाटील म्हणतात. भोईर म्हणतो बांध पाटलांनीच नीट घातला नव्हता. आपल्याकडे गावकरी बसून मानशीचा लिलाव करतात आणि भांडण वर्षाला एकदाच, लिलावापुरते होते. इथे ते बारमाही चालले होते. दोघे एकाच विहिरीवर आले तर एकजण घागर रिकामी घेऊन परत जाई.

पुन्हा कल्याण

लग्न झाले आणि आम्ही बैलगाडीने कल्याणला गेलो. पाटलांनी लग्नाचे पागोटे घातले होते. मामलेदार रावसाहेब पुण्याचे, अंगाने किरकोळ, डोळ्यांत मिस्कीलपणा. समोर अवल कारकून लेखणी घेऊन तयार. त्याने पाटलांना विचारले, हे मास्तर तुमचे कोण?

पाटलांना वाटले, जितके जवळचे सांगावे तितका परवाना पक्का. त्यांच्या गावात तरी असेच आहे, परक्याची हमी कोण घेतो? ते कचेरीच्या कौलांना धक्का बसेल अशा आवाजात म्हणाले, "हा माजा मेहुना हाय. सख्खा."

मी त्यांचे धोतर ओढत होतो, पण तीर सुटला होता. ठाण्याची अट मला आता आठवली. लग्नाच्या धांदलीत मी ती पाटलांना सांगायलाच विसरलो होतो. अवल कारकुनाने लेखणी थांबवली. तो हळूच म्हणाला, मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. मास्तर तर फिरंगी मुलखाचे. तेव्हा पाटलीणबाईही फिरंगी मुलखाच्याच झाल्या. त्यांचा परवाना कुठे आहे?

पाटलांचा चेहरा असा झाला की मला भीतीही वाटली आणि हसूही आले. जन्मापासून डोंबिवली-शीळ सोडून कुठे न गेलेली बाई एका वाक्यात पोर्तुगीज रयत झाली. रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि हुकूम केला, बाईंना घेऊन या, खरे काय ते त्यांनाच विचारू. आपल्या गावच्या कारभारात इतक्या साध्या गोष्टीला तीन महिने लागले असते. इंग्रजी कारभाराचे हेच तर, घोटाळासुद्धा लगेच होतो.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. नवे लुगडे, कपाळभर कुंकू. कचेरीत बाई आली म्हणून शिपाई, पट्टेवाले, दारातला पानवालासुद्धा आत डोकावू लागला. अवल कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने तिला नीट समजावले की मास्तर तुमचे खरे कोणी नाहीत एवढे म्हणा. म्हणजे तुमच्या यजमानांची जामिनकी चालेल, मास्तरांचा परवाना होईल, आणि तुम्हीही डोंबिवलीच्या डोंबिवलीत राहाल. नाहीतर नात्यातला जामीन रद्द.

चांगुणाबाईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माज्या पोरीच्या पाठीशी हा उभा होता. आता भाऊस नाय म्हनून सांगितलं, तं पोरीच्या पाठीशी कोन उभा होता?"

कारकून म्हणाला, बाई, हे फक्त कागदापुरते. ती म्हणाली, "कागदावर खोटं लिवतात काय? मंग मास्तर पोरांना कनाला शिकवतो?"

रावसाहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा. ही बाई तुमची बहीण का?"

आता खरे सांगतो. उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. 'मानलेली आहे, खरी नव्हे' एवढे चार शब्द, आणि ते सगळे खरे. पदराआड लपलेली माझी मुलगी डोळ्यांपुढे आली. तेवढे म्हटले की पुढच्या महिन्यात ती माझ्यापाशी. आणि समोर ही बाई उभी, रोज माझ्यापुरती पेज करणारी, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला खात्रीच होती मी काय म्हणणार याची. त्या खात्रीनेच माझी पंचाईत केली.

"होय साहेब," मी म्हणालो, "बहीण आहे."

कारकुनाने लेखणी कानावर ठेवली. रावसाहेबांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले की बाईंच्या परदेशीपणाचे ते बघून घेतील, जन्म कुठला ते गावाला ठाऊक आहे. पण जामिनाचा नियम नियम आहे. "सोमवारपर्यंत मुदत. तुमच्या गावात तुमच्या नात्यात नसलेला एक तरी माणूस असेल की नाही?"

डोंबिवलीत माणसे आहेत, नाती फार

परतीच्या गाडीत पाटील माझ्यावर रागावले, मग स्वतःवर, मग बैलांवर. माझा परवाना गेला तो गेलाच, वर तोंडघशी पडलो. चांगुणाबाई मात्र वाटेत उतरून करवंदे तोडून घेऊन आली आणि माझ्या ओंजळीत घातली. मला तिचा राग आला होता, खोटे कशाला बोलू? करवंदे खाल्ली.

रविवारी पाटलांनी गाव बोलावला. जामीन राहायला सगळे तयार. पण प्रत्येकाला रावसाहेबांचा प्रश्न विचारून पाहायचा ठरला. पाटलांचा भाऊ पुढे आला, तो बसला. शेजारी आला. त्याची बायको लग्नात करवली, मुलगी मला मामा म्हणते, बसला. एक म्हातारा म्हणाला, माझे नाते नाही. त्याचा मुलगा ओरडला, परवाच तर तुम्ही मास्तरला जावई म्हणून शिव्या दिल्यात. म्हातारा बसला. शीळचे व्याही मुद्दाम आले होते, ते तर सुनेचा मामा म्हणून मुलाला माझ्या पाया पडायला लावून बसलेले. ज्याला ज्याला त्या लग्नाची हळद लागली त्याला त्याला माझे नाते लागले होते, आणि त्या लग्नाची हळद न लागलेला माणूस गावात शोधून सापडेना. मी मनात म्हटले, धन्य आहे, मुलगी मामा म्हणेल म्हणून पळत होतो, आता अख्खे गाव म्हणते.

तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यातून धवलारीण म्हणाली, "धर्मा भोईर आला नव्हता."

पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले की मरेन, पण त्याच्या बांधावर पाय ठेवणार नाही. चांगुणाबाईने तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, आणि मला म्हणाली, चल दादा.

भोईर उघाडीपाशी मासे धरायची खोईन धुवत होता. कपाळावर घाम, दाढी आठवड्याची. चांगुणाबाईला पाहून त्याने काम थांबवले नाही. ती बांधाच्या अलीकडे उभी राहून बोलली, तो पलीकडे ऐकत होता. मध्ये ते पाणी, ज्याच्यापायी सगळे झाले. मी हात जोडून सांगितले की माझी मुलगी मला ओळखत नाही, तिला आणायची आहे. तो म्हणाला की त्याने पाटलाकरता काही करायचे नाही. मी म्हटले, पाटलाकरता नाही. तो म्हणाला, पाटलाच्या घरच्या माणसाकरताही नाही. आम्ही परत निघालो. बांधाच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, उद्या गाडी किती वाजता निघते?

सोमवार

गाडीत पुढे पाटील, मागे भोईर, मध्ये मी आणि चांगुणाबाई. कल्याणपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. शेवटी शेवटी बैलसुद्धा अवघडल्यासारखे चालत होते.

रावसाहेबांनी भोईरला विचारले, मास्तर तुमचे कोण? "कोन नाय." पाटलांशी नाते? भोईर म्हणाला की त्या घरचे तो पाणीसुद्धा पीत नाही, सगळ्या गावाला विचारा. पाटलांनी मान हलवून साक्ष दिली की हे अगदी खरे आहे. अवल कारकून इतक्या आनंदाने लिहीत होता की असा शुद्ध जामीन त्याला नोकरीत प्रथमच मिळाला असावा. मग रावसाहेबांनी विचारले, मास्तर माणूस कसा?

भोईरने थोडा विचार केला. म्हणाला, "मानूस बरा हाय. राहतो तं वायट घरात." रावसाहेबांनी तोंडाला उपरणे लावले. अंगठा उठला, मोर्तब झाले, कागद ठाण्याला जाऊन सहीनिशी परत येईल आणि मास्तरांनी बेशक राहावे, असे तोंडी सांगण्यात आले. मला वाटले धावत जाऊन खाडीत उडी मारावी. पोहता येत असते तर मारलीही असती.

बाहेर पडलो. चिंचेच्या सावलीत बैल सोडले होते. भोईर माझ्याजवळ आला आणि हळू विचारले, कागद झाला ना? आता तो फिरत नाही ना? मी सांगितले, झाला, आता ब्रह्मदेवही फिरवू शकत नाही. त्याने पुन्हा विचारले, नक्की? मी म्हटले, नक्की.

मग त्याने काखेतले गाठोडे सोडले. मी सकाळपासून समजत होतो की त्यात भाकरी आहे. आत हिरवे लुगडे होते, घडी न मोडलेले, त्यावर वाळलेला हळदीचा डाग.

"पोरीच्या लग्नाला घेतलं होतं," तो म्हणाला. "मांडवापर्यंत आलो नि मागं फिरलो. तू मामा हाय. तुज्या हातानं दे तिला." आणि मग, इकडे तिकडे बघत, "आता नातं लागलं तं चालंल ना?"

चांगुणाबाईने लुगडे माझ्या हातातून घेतले आणि डोळ्यांना लावले. पाटील बैलांच्या गळ्यातला दोर उगाच घट्ट करीत होते. गाडी जोडल्यावर मात्र पुढच्या बाजूला सरकून बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली. भोईर तिथे बसला. घरी पोचेपर्यंत दोघे भांडत होते, खारे पाणी कोणाच्या चुकीने भातात शिरले यावरून, पण समोरासमोर.

इथे, घरी

हे सगळे बायकोला सांगितले ते काल. तिला न्यायला आलो आहे, पुढच्या गलबताने निघायचे. ती ऐकत होती, मुलगी माझ्या मांडीवर बसून माझ्या बोटांतली सुपारी पळवत होती. बायकोने तिच्या मुठीतली सुपारी काढून घेतली. मग म्हणाली, लग्नात सगळ्यांनी मला सांगितले होते, तुला नणंद नाही, सुखात राहशील. आता ही कुठून काढलीत?

मी म्हटले, तिच्या घरी उतरायचे आहे. ती उठली, आत गेली, आणि मला वाटले रागावली. परत आली तेव्हा हातात तिच्या माहेरच्या आमसुलांचे मडके होते, जे ती मलासुद्धा कधी उघडू देत नाही.

"तिला निवट्यांच्या कालवणात घालायला सांगा," ती म्हणाली. "नाही, राहू द्या. मीच सांगेन."